टाईप-सी चार्जरवर बारा-चोवीस व्होल्टचे दिवे : थोड्या भांडवलाचा धंदा आणि मापाची सचोटी

पावसाळा तोंडावर आला की रोह्याच्या व्यापाऱ्याला दोन गोष्टींची काळजी लागते. एक कुंडलिकेच्या पाण्याची आणि दुसरी विजेची. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब आणि तारा जमीनदोस्त झाल्या. कित्येक गावे अनेक दिवस, काही तर आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून रोहा, अष्टमी, तळा, म्हसळा, मुरूड या भागात पॉवर बँक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिवाय आपल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतील अनेक कमावते हात कुवेत, दुबई, सौदीत आहेत. सुटीवर येताना मोबाईल, लॅपटॉप आणि त्यांचे जलद चार्जर येतात. मोबाईल बदलतो, चार्जर मात्र घरात पडून राहतो.

या पडून राहिलेल्या चार्जरवर आणि पॉवर बँकेवर दुकानाचा, जिन्याचा किंवा हातगाडीचा चांगला दिवा चालू शकतो. तो बसवून देणे हा लहान भांडवलाचा जोडधंदा होऊ शकतो. त्यासाठी कर्ज काढण्याची व व्याजाच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. परंतु यात एक मेख आहे. ती न समजता धंदा करणारा पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक मिळवील आणि दुसऱ्या महिन्यात गमावील. ही मेख कोणती, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

तोंड एक, व्होल्ट अनेक

जुन्या चौकोनी यूएसबीचा हिशेब सोपा होता. तोंडातून ५ व्होल्ट निघत. टाईप-सीचे लंबगोल तोंड २०१४ साली आले. त्यातून मिळणारी वीज 'पॉवर डिलिव्हरी' या नियमावलीनुसार ठरते. हे तोंड आता सर्वत्र रूढ होत आहे. भारतीय मानक ब्युरोने टाईप-सीसाठीचे भारतीय मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलसाठी व इतर लहान उपकरणांसाठी हेच तोंड सक्तीचे केले. म्हणजे हा माल बाजारात वाढतच जाणार आहे.

पॉवर डिलिव्हरीचा व्यवहार बाजारातल्या सौद्यासारखा आहे. केबल जोडताच चार्जर प्रथम फक्त ५ व्होल्ट देतो आणि आपल्याजवळच्या मालाची यादी वाचून दाखवतो : ५ व्होल्ट इतके अँपिअर, ९ व्होल्ट इतके, १५ व्होल्ट इतके, २० व्होल्ट इतके. समोरचे उपकरण त्यांतील एक कलम मागते. चार्जर कबूल करतो आणि मगच व्होल्ट चढवतो. जे मागितले नाही ते मिळत नाही आणि जे यादीत नाही तेही मिळत नाही. हा सौदा केबलमधील एका स्वतंत्र बारीक तारेवरून होतो.

एलईडीच्या पट्टीला असे बोलता येत नाही. तिच्या वतीने बोलणारा एक लहानसा बोर्ड मध्ये बसवावा लागतो. बाजारात त्याला 'पीडी ट्रिगर' किंवा 'डिकॉय' म्हणतात. एका बाजूस टाईप-सीचे तोंड, दुसऱ्या बाजूस प्लस-मायनस असा हा नखाएवढा तुकडा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

बारा व्होल्टचा घोटाळा

मेख येथेच आहे. आपल्याकडे सर्वाधिक खपणारी एलईडी पट्टी १२ व्होल्टची. परंतु पॉवर डिलिव्हरीच्या नेमून दिलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा आहेत. १२ व्होल्ट ही त्यात सक्तीची पायरी नाही. काही कारखानदार ती देतात, काही देत नाहीत. २० वॅटच्या पुष्कळ पॉवर बँकांवर १२ व्होल्ट छापलेले आढळते, तर ६५ वॅटच्या मोठ्या लॅपटॉप चार्जरवर ते नसू शकते. चार्जर मोठा म्हणजे १२ व्होल्ट मिळणारच, ही समजूत चुकीची आहे.

१२ व्होल्ट यादीत नसतील तर ट्रिगर बोर्ड बहुधा खालच्या पायरीवर, म्हणजे ९ किंवा ५ व्होल्टवर थांबतो. दुकानात आपल्या चार्जरवर लखलखणारा दिवा गिऱ्हाइकाच्या घरी त्याच्या चार्जरवर मिणमिणतो किंवा लागतच नाही. गिऱ्हाईक म्हणते, माल खोटा दिला. माल खोटा नसतो, जोडी चुकलेली असते. पण हे विकणाऱ्याने विकण्यापूर्वी सांगायला हवे, नंतर नव्हे.

पट्टीचा आतला हिशेब

१२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी एका ओळीत आणि त्यांच्यासोबत एक रेझिस्टर असतो. एका एलईडीवर साधारण ३ व्होल्ट धरले तर तिघांचे ९ झाले. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टर घेतो. प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवायचा तर रेझिस्टर १५० ओहमचा हवा.

आता हीच पट्टी ९ व्होल्टवर लावली तर काय होईल? एलईडीच सुमारे ८.४ व्होल्ट घेतात. रेझिस्टरला ०.६ उरतात आणि प्रवाह ४ मिलिअँपिअरवर येतो. म्हणजे उजेड पाचवा हिस्सा. १५ व्होल्टवर लावली तर प्रवाह ३५ मिलिअँपिअरच्या आसपास जातो आणि रेझिस्टरमधील उष्णता तिपटीहून अधिक होते. दिवा त्या दिवशी झकास दिसेल, पण पट्टी लवकर काळवंडेल. २० व्होल्टवर तर ती थोड्याच वेळात जळेल.

२४ व्होल्टच्या पट्टीत एका ओळीत सहा किंवा सात एलईडी असतात. सहाची पट्टी २० व्होल्टवर लावली तर लागते, पण प्रवाह निम्म्याहून कमी राहतो. सातची पट्टी जेमतेम चमकते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पट्टीवरील दोन कात्री-खुणांमधले एलईडी मोजावेत. तीन असतील तर बहुधा १२ व्होल्ट, सहा-सात असतील तर बहुधा २४ व्होल्ट. छापील अक्षरे पुसली गेली तरी ही खूण पुसली जात नाही.

छतात बसवण्याच्या तयार पॅनेलची जात वेगळी आहे. त्यांचा ड्रायव्हर ठरावीक व्होल्ट नव्हे, तर ठरावीक प्रवाह देतो. ड्रायव्हर काढून असे पॅनेल थेट ट्रिगर बोर्डाला जोडू नये.

तीन वाटा

पहिली वाट : चार्जरच्या किंवा पॉवर बँकेच्या अंगावर टाईप-सीच्या तोंडापुढे १२ व्होल्ट स्पष्ट छापलेले असतील, तर १२ व्होल्टचा ट्रिगर बोर्ड आणि १२ व्होल्टची पट्टी एवढे पुरते. ही सर्वांत स्वस्त वाट. पण दिवा त्या चार्जरशी बांधला जातो. बिलावर तसे लिहावे.

दुसरी वाट : ९ व्होल्ट मागून ते चढवणे. १५ वॅटपेक्षा मोठ्या प्रत्येक नियमानुसार बनवलेल्या चार्जरला ९ व्होल्टची पायरी द्यावीच लागते. तेथून 'बूस्ट' बोर्डाने १२ व्होल्ट करता येतात. ९ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १८ वॅट. बोर्डाची दहा टक्के घट वजा जाता १६ वॅट हाती राहतात. लहान दिव्याला ते पुरतात आणि दिवा पुष्कळ चार्जरवर चालतो.

तिसरी वाट : १५ किंवा २० व्होल्ट मागून ते 'बक' बोर्डाने १२ वर उतरवणे. २७ वॅटपेक्षा मोठ्या चार्जरला १५ व्होल्ट आणि ४५ वॅटपेक्षा मोठ्याला २० व्होल्ट द्यावेच लागतात. १५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरवर घट जाऊन सुमारे २७ वॅट मिळतात. घरात पडून असलेल्या लॅपटॉप चार्जरसाठी हीच वाट उत्तम. २४ व्होल्टची पट्टी लावायची असेल तर २० व्होल्ट मागून बूस्ट बोर्डाने २४ करावेत. २०२१ साली नियमावलीत २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्यांची भर पडली आहे. तथापि त्यांना खास केबल व खास चार्जर लागतात आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या घरी ते क्वचितच असतील. म्हणून धंदा २० व्होल्टच्या आत बसवावा.

केबलकडेही लक्ष हवे. साधी टाईप-सी ते टाईप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. ५ अँपिअरसाठी ओळख-चिप असलेली केबल लागते. चौकोनी तोंडाची जुनी केबल लावली तर पॉवर डिलिव्हरीचा सौदा होतच नाही, कारण ती बारीक तार चार्जरपर्यंत पोहोचत नाही.

वॅटचा ताळेबंद

पट्टी विकत घेताना मीटरला किती वॅट हे विचारावे. मीटरला ६० लहान एलईडी असलेली हलकी पट्टी साधारण ४.८ वॅट घेते. ६० मोठ्या एलईडींची भारी पट्टी १४.४ वॅट घेते. पाच मीटरचे हलके बंडल २४ वॅट मागते, तर भारी बंडल ७२ वॅट. १२ व्होल्टवर ७२ वॅट म्हणजे ६ अँपिअर, जे साध्या केबलच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. अख्खे भारी बंडल चार्जरवर चालवून देतो, असे गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये. १२ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे ३६ वॅट. त्यातील पाचवा हिस्सा राखून ठेवला तर भारी पट्टी दोन मीटर आणि हलकी पट्टी साधारण सहा मीटर, एवढाच सौदा करावा. पाच मीटरहून लांब पट्टीला वीज दोन्ही टोकांकडून द्यावी, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रोह्याच्या बाजारपेठेतील एका शिंपीबंधूला शिलाई मशीन आणि कापड बेतण्याचे टेबल यांवर उजेड हवा आहे. हलकी पट्टी तीन मीटर पुरते. ती १४.४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर घेईल. त्याच्याजवळ १२ व्होल्ट १.६७ अँपिअर छापलेली, २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. मग पहिली वाट योग्य. दिवा किती तास चालेल?

येथे मापाची खरी परीक्षा आहे. २०,००० हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा आहे, १२ व्होल्टवरचा नव्हे. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास. व्होल्ट चढवताना होणारी घट वजा जाता सुमारे ६० वॅट-तास हाती येतात. ६० भागिले १४.४ म्हणजे चार तासांपेक्षा थोडे अधिक. जो विक्रेता २०,००० ला १,२०० ने भागून 'सोळा तास चालेल' असे सांगतो, तो गिऱ्हाइकाला चौपट माप सांगतो. तो अजाणतेपणी सांगत असेल, पण गिऱ्हाइकाचे नुकसान तेवढेच होते.

पवित्र कुरआनात मापात घट करणाऱ्यांच्या नावाने 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड केल्याचा प्रसंगही आपणांस ठाऊक आहे. वर कोरडे धान्य आणि आत ओले, हेच आज डब्यावरच्या मोठ्या आकड्याच्या रूपाने घडते. पॉवर बँकेवरील सर्वांत मोठा वॅटचा आकडा अनेकदा चौकोनी तोंडाचा असतो, टाईप-सीचा नव्हे. म्हणून डबा नव्हे, वस्तूच्या अंगावरील बारीक अक्षरे वाचावीत. भिंग जवळ ठेवावे. या धंद्याचे ते पहिले हत्यार आहे.

जोडणीची पद्धत

दिवा तयार झाल्यावर पुढील क्रम पाळावा.

१. पट्टी न जोडता ट्रिगर बोर्ड चार्जरला लावावा आणि मल्टीमीटरने व्होल्ट मोजावेत. अपेक्षित आकडा आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

२. बक किंवा बूस्ट बोर्ड असेल तर त्याचा स्क्रू फिरवून १२ किंवा २४ व्होल्ट नेमके करावेत. मग स्क्रूवर लाखेचा किंवा नेलपॉलिशचा थेंब टाकावा, म्हणजे तो हलणार नाही.

३. प्लस-मायनस पाहून पट्टी जोडावी आणि प्लसच्या तारेत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घालावा.

४. अर्धा तास दिवा चालवून बोर्ड, केबल आणि पट्टी यांना हात लावून पाहावे. हात ठेववत नसेल तर भार जास्त आहे. पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवली तर ती थंड राहते.

५. शेवटी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या चार्जरवर दिवा लावून दाखवावा. शक्य असेल तर त्याला चार्जर सोबत घेऊनच बोलवावे.

बटण दाबून व्होल्ट बदलणारे ट्रिगर बोर्ड आपल्या कामाच्या टेबलापुरते ठीक आहेत. गिऱ्हाइकाच्या दिव्यात ते बसवू नयेत. लहान मुलाने बटण दाबले की १२ च्या पट्टीवर २० व्होल्ट गेलेच. एकाच व्होल्टला डाग देऊन कायम केलेला बोर्ड बसवावा.

गिऱ्हाइकास आधीच सांगण्याच्या गोष्टी

एकाच चार्जरला दोन-तीन तोंडे असतील आणि दिवा चालू असताना दुसऱ्या तोंडात मोबाईल लावला, तर चार्जर सौदा नव्याने करतो. दिवा क्षणभर विझतो आणि कधी मंदही होतो. दिव्याला स्वतंत्र चार्जर असावा.

फार लहान दिवा लावला तर अनेक पॉवर बँका 'काही जोडलेले नाही' असे समजून आपोआप बंद होतात. रात्रभर जळणाऱ्या अर्ध्या वॅटच्या दिव्यास त्या उपयोगी नाहीत.

पॉवर बँक म्हणजे इन्व्हर्टर नव्हे. ती चार्ज होत असताना वीज गेली की दिवा चालूच राहील, याची हमी देऊ नये. काही चालू ठेवतात, काही बंद पडतात. विकण्यापूर्वी प्लग काढून तपासावे.

खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत टाईप-सीच्या बारीक पिना गंजतात आणि व्होल्ट जास्त असले की गंज लवकर धरतो. जोड हवाबंद डबीत ठेवावा आणि पट्टी सिलिकॉनच्या आवरणाची घ्यावी. मशिदीच्या वजूखान्याजवळ, मदरशाच्या जिन्यात किंवा मासळी विकणाऱ्या बहिणीच्या पाटीजवळ ओल्या हाताचा संबंध असतो. तेथे १२ व्होल्टच्या दिव्याचा मोठा फायदा आहे. मात्र २३० व्होल्टचा चार्जर ओल्यापासून दूर, कोरड्या जागी उंचावर असला तरच तो फायदा मिळतो.

आखाताहून आलेले चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालणारे असल्याने येथे चालतात. परंतु त्यांच्या चौकोनी तीन पिना आपल्या सॉकेटमध्ये काडी खुपसून बसवण्याची सवय धोक्याची आहे. चांगला कन्व्हर्टर प्लग वापरावा. विमानाने पॉवर बँक आणणाऱ्यांनी ती हातसामानातच ठेवावी. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सामान्यतः नेता येते.

चार्जर आणि पॉवर बँक नव्याने विकायच्या असतील तर त्यांवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक ब्युरोच्या मोबाईल ॲपवर तपासता येतो. क्रमांक नसलेला माल स्वस्त मिळतो, पण आग लागली तर विकणाऱ्याजवळ बोलण्यास तोंड उरत नाही.

धंदा कसा बसवावा

आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यास केलेल्या, तसेच मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या आपल्या तरुणांना हे काम आठवडाभरात हाती बसेल. हत्यारे थोडीच लागतात : मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, वायर कटर आणि भिंग. रोह्याहून गाडीने मुंबईची एक फेरी केली की लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणि लोहार चाळीतून पट्टी, चॅनेल व वायर मिळते. सुरुवातीस पाच-दहा नगांपेक्षा जास्त माल भरू नये. बोर्डांच्या जाती लवकर बदलतात.

किंमत ठरवताना पट्टी, चॅनेल, बोर्ड, डबी, वायर, स्विच, फ्यूज, प्रवासखर्च आणि आपली मजुरी ही सर्व कलमे कागदावर मांडावीत. शिवाय दहातला एक नग बदलून द्यावा लागेल, असे धरून चालावे. हे कलम धरले नाही तर नफा कागदावर दिसतो आणि गल्ल्यात दिसत नाही.

प्रत्येक दिव्यासोबत मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. तिच्यावर चार ओळी पुरेत : दिवा किती वॅटचा, कोणत्या व्होल्टच्या चार्जरवर चालतो, गिऱ्हाइकाच्या पॉवर बँकेवर किती तास चालेल आणि किती महिन्यांत बिघडल्यास बदलून मिळेल. पेणच्या मूर्तिकारांची कीर्ती दूरवर पोहोचली, ती गिऱ्हाईक दरवर्षी परत येते म्हणून. दिव्याच्या धंद्यालाही तोच नियम लागू आहे. रोह्यासारख्या गावात गिऱ्हाईक फसले तर बातमी दुपारच्या नमाजपर्यंत गावभर होते, आणि समाधानी झाले तरी तेवढ्याच वेळात होते.

मोठ्या शहरातील व्यापारी माल स्वस्त देऊ शकेल, परंतु 'तुमचा चार्जर आणा, त्यावर लावून दाखवतो आणि किती तास चालेल ते लिहून देतो', हे तो म्हणणार नाही. हे आपण म्हणू शकतो. हीच या धंद्यातील आपली पुंजी आहे आणि अल्लाहने चाहिले तर बरकतही तिच्यातच आहे. ज्या तरुणांना हा धंदा करावयाचा आहे त्यांनी येत्या पावसाळ्याची वाट न पाहता आधी एक दिवा स्वतःच्या घरात बसवावा, घड्याळ लावून तो किती तास चालतो ते मोजावे आणि मगच दुसऱ्याच्या दुकानात पाऊल ठेवावे.